चिंक्वे तेर्रे की अमाल्फी? इटलीच्या दोन किनाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीला जायचं ठरलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांवरून घरात फारसे वाद होत नाहीत. ती नावं यादीत आपोआप येतात. अडतं ते समुद्रापाशी. फोटोत दोन्हीकडे डोंगराला चिकटलेली रंगीत घरं आणि खाली निळं पाणी, त्यामुळे निवडायचं कशावरून हेच कळत नाही. नात्यातली, ओळखीची मंडळी मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. खरा फरक काय?

चिंक्वे तेर्रे उत्तरेला लिगुरिया प्रांतात आहे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच छोटी गावं एका रेल्वेमार्गाने जोडलेली आहेत. त्यांना जोडणारा किनाऱ्यालगतचा मोटररस्ताच नाही. गावात वाहनं जवळजवळ नाहीत, मोठी हॉटेलंही फारशी नाहीत. द्राक्षाचे मळे दगडी बांधांवर डोंगरभर चढत गेलेले दिसतात.

अमाल्फीचा किनारा दक्षिणेला, नेपल्सच्या खाली, कंपानिया प्रांतात आहे. इथे १३ नगरपालिका येतात. पोझितानो, अमाल्फी आणि रावेल्लो ही त्यातली गाजलेली नावं. मध्ययुगात अमाल्फी हे व्हेनिस, जेनोवा आणि पिसाच्या पंक्तीतलं सागरी प्रजासत्ताक होतं. त्यामुळे इथे कॅथेड्रल, जुने वाडे, कागदाच्या गिरण्या आणि राजेशाही बागा आहेत. इथला पसारा मोठा, डोंगर उंच आणि दरही चढे. सगळी वाहतूक एकाच अरुंद घाटरस्त्यावर चालते.

दोन्ही किनारे १९९७ साली, एकाच वर्षी, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यामुळे ‘जास्त महत्त्वाचं कुठलं’ हा वाद तिथेच मिटतो.

मग सरळ सांगा ना, कुठे जाऊ?

किनारा वेगळा काढून निवडू नका, तुमच्या बाकीच्या मार्गाकडे बघा. सहल मिलान, फ्लॉरेन्स, पिसा अशी असेल तर चिंक्वे तेर्रे वाटेवरच आहे. रोमवरून पुढे नेपल्स आणि पाँपेई करणार असाल तर अमाल्फी. फक्त समुद्रासाठी अर्धी इटली ओलांडण्यात प्रवासाचा एक अख्खा दिवस जातो, आणि दहा दिवसांच्या सहलीत तो परवडत नाही.

मार्ग दोन्हीकडे जुळत असेल तर माझा कौल असा: हाताशी दोनच रात्री असतील तर चिंक्वे तेर्रे, चार किंवा जास्त असतील तर अमाल्फी. पाच गावं दोन दिवसांत मनासारखी होतात आणि तिसऱ्या दिवशी पाय तीच वाट धरतात. अमाल्फीला मात्र पहिला दिवस नुसता बसचं वेळापत्रक समजून घेण्यात जातो. खरी मजा त्यानंतर सुरू होते.

मुंबई-पुण्याहून पोहोचायचं कसं?

रोम किंवा मिलानपर्यंत विमान (आखातातल्या एखाद्या शहरात बदलून बहुतेक जण जातात) आणि पुढे रेल्वे.

चिंक्वे तेर्रेसाठी ला स्पेत्सिया हे स्टेशन लक्षात ठेवा. पिसाहून साधारण सव्वा तास, फ्लॉरेन्सहून दोन-अडीच तास, मिलानहून तीन-साडेतीन तास. पिसाचा विमानतळ सगळ्यात जवळचा.

अमाल्फीसाठी रोमहून वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासात येतं. बहुतेक मंडळी तिथून सोर्रेंतोची लोकल धरतात. ही चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल गर्दीची, उकाड्याची आणि खिसेकापूंसाठी बदनाम आहे. मी उलटं सुचवतो: रोमहून त्याच वेगवान गाडीने थेट सालेर्नोला उतरा. स्टेशनपासून काही मिनिटं चाललं की धक्का येतो आणि एप्रिल ते ऑक्टोबर तिथून बोटी सुटतात. साधारण ३५ मिनिटांत अमाल्फी. बॅगांसह घाट चढायचा नाही, आणि किनारा पहिल्यांदा दिसतो तो समुद्रातून.

तिथे गेल्यावर फिरायचं कसं?

सगळ्यात मोठा फरक इथेच आहे.

चिंक्वे तेर्रेत ला स्पेत्सिया ते लेवांतो अशी लोकल दिवसभर धावते. हंगामात दर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी असते आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला दोन ते पाच मिनिटं लागतात. समुद्र बघत प्रवास होईल असं मात्र समजू नका. जवळजवळ सगळा मार्ग बोगद्यांतून जातो. दोन बोगद्यांच्या मध्ये निळा रंग चमकतो आणि मोबाइल काढेपर्यंत पुन्हा अंधार. एकेरी तिकीट गर्दीच्या दिवसांत दहा युरोपर्यंत जातं, म्हणून दिवसभर फिरणार असाल तर रेल्वेसह मिळणारं ‘चिंक्वे तेर्रे कार्ड’ स्वस्त पडतं. त्यात चालायच्या सशुल्क वाटाही येतात.

अमाल्फीला रेल्वे नाही. सोर्रेंतो आणि सालेर्नो या दोन टोकांना ती थांबते. मधे एसएस १६३ हा एकच रस्ता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली समुद्र. सीता कंपनीच्या बसचे चालक आंधळ्या वळणाआधी लांब भोंगा वाजवतात. समोर दुसरी बस असेल तर मधल्या मोटारी एकेक करून मागे सरकतात, आरसे मिटले जातात आणि दोन्ही बस एकमेकींना इंचाइंचाने ओलांडतात. बघायला मजा येते, पण घाटात गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या. तिकीट तंबाखू-सिगारेटच्या दुकानांत, म्हणजे ‘ताबाक्की’त मिळतं. चढण्याआधीच घेऊन ठेवा. सोर्रेंतोहून येताना उजवीकडे बसा आणि सालेर्नोहून येताना डावीकडे, म्हणजे समुद्र तुमच्या खिडकीत. जुलै-ऑगस्टमध्ये मधल्या थांब्यांवर भरलेली बस न थांबता निघून जाते. म्हणून शक्य तिथे बोट घ्या. महाग असली तरी त्या दिवसांत पैसे वसूल होतात.

गाडी भाड्याने घ्यावी का? इंटरनॅशनल परमिट काढलं आहे.

परमिट तोस्काना प्रांतात वापरा, तिथे चीज होईल. चिंक्वे तेर्रेत गाडी गावाबाहेर ठेवावी लागते आणि दिवसभराचं पार्किंग खिसा हलका करतं. अमाल्फीच्या रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत सकाळी १० ते संध्याकाळी ६ नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषमचा नियम लागतो. शिवाय इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि तुम्ही घरी पोहोचल्यावर कधीतरी दंडाचं पत्र येतं.

मुक्काम कुठल्या गावात करावा?

चिंक्वे तेर्रेत पहिल्यांदा जाणाऱ्यांना वेर्नात्सा किंवा मानारोलाच हवं असतं, कारण फोटो तिथले. खोल्या मात्र तिथे लहान आणि जिने उभे. मोंतेरोस्सो सगळ्यात सपाट आणि हॉटेलंही तिथेच जास्त. बजेट आवळायचं असेल तर लेवांतोत राहा. पाच गावांत न मोडणारं, पण पहिल्या गावापासून एकाच स्टेशनवर असलेलं हे खरंखुरं नांदतं गाव आहे. जुन्या रेल्वेमार्गाच्या बोगद्यांतून फ्रामुरापर्यंत जाणारी सायकलवाटही तिथूनच सुरू होते.

अमाल्फीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: पोझितानोत राहू नका. दिवसभर जा, आइस्क्रीम खा, फोटो काढा आणि परत या. तिथे खोलीच्या भाड्यात निम्मे पैसे नजाऱ्याचे असतात, आणि तो नजारा बोटीतून जास्त चांगला दिसतो. त्यापेक्षा मिनोरी किंवा मायोरीत राहावं. समुद्रालगत सपाट रस्ता, इटालियन कुटुंबांची वस्ती, आणि मिनोरीत भर गावात रोमन काळातल्या वाड्याचे अवशेष. अमाल्फीला लागूनच अत्रानी आहे. क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका म्हणून ती ओळखली जाते. चौक, चर्च, चार खानावळी आणि किनारा, बास. अगदी काटकसर करायची तर सालेर्नो.

आई-बाबा सोबत आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. कुठे जमेल?

दोन्हीकडे पायऱ्या आहेत, पण त्यांचा जाच वेगवेगळा.

चिंक्वे तेर्रेत कोर्निल्या सोडलं तर बाकी चार गावं स्टेशनच्या पातळीवर किंवा जवळपास आहेत. कोर्निल्या समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंचावर आहे. स्टेशनवरून वर जायला ३८२ पायऱ्या, नाहीतर छोटी बस. आई-बाबांना बसमध्ये बसवा, किंवा ते गाव सोडून द्या. मोंतेरोस्सोत राहून, उरलेली तीन गावं रेल्वेने करून आणि दुपारी परत येऊन आराम करून आमच्याकडच्या ज्येष्ठांनी मजेत सहल केली आहे.

अमाल्फीकडे अमाल्फी, मिनोरी, मायोरी सपाट आहेत. अमाल्फीच्या कॅथेड्रलच्या पायऱ्या तेवढ्या उभ्या. पोझितानो म्हणजे नुसत्या पायऱ्या. रावेल्लो साडेतीनशे मीटर उंचीवर असलं तरी बस थेट वर नेते आणि व्हिला रूफोलोची बाग निवांत बघता येते. संगीतकार वाग्नर १८८० साली तिथे आला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग सापडली म्हणून खूश झाला होता. आजही उन्हाळ्यात समुद्रावर झेपावलेला रंगमंच उभारून तिथे संगीत महोत्सव होतो.

खोली ठरवताना घरमालकाला एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून किंवा स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती? ‘पाच मिनिटांवर’ या उत्तरावर समाधान मानू नका, आकडा मागा.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

मे महिन्यात. दोन्ही किनाऱ्यांसाठी मे आणि सप्टेंबर उत्तम. बोटी सुरू असतात, ऊन सोसवतं. मेमध्ये पाणी गार असतं, मुलं तरी उतरतातच. फक्त २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या इटालियन सुट्ट्यांच्या आजूबाजूचे दिवस टाळा. ऑगस्टचा मधला पंधरवडा तर पूर्णच टाळा. १५ ऑगस्टला तिकडेही सुट्टी असते आणि अख्खा देश किनाऱ्यावर लोटतो.

दिवाळीचं गणित वेगळं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा लिगुरियातला जोराच्या पावसाचा काळ. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या पावसाने वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत दगडमातीचे लोंढे आले. वेर्नात्साची मुख्य गल्ली अनेक फूट चिखलात गाडली गेली आणि माणसंही दगावली. आपली दिवाळी त्या वर्षी त्याच आठवड्यात होती. गावं पुन्हा उभी राहिली आहेत, पण तिथले लोक पावसाचा इशारा आला की वाटा लगेच बंद करतात. दिवाळीतच जायचं तर अमाल्फी निवडा, तेही दिवाळी ऑक्टोबरात येत असेल तर. नोव्हेंबरात बोटी थांबतात आणि हॉटेलं कुलपं लावू लागतात.

पोहायला, वाळूत खेळायला कुठे बरं?

वाळूच हवी असेल तर दोन्ही किनारे चुकीचे. बहुतेक ठिकाणी गोटे किंवा भरड खडी असते, रबरी बुटांशिवाय पाय ठरत नाही. चिंक्वे तेर्रेत धड किनारा एकच, मोंतेरोस्सोचा. मानारोलात लोक खडकांवरून थेट खोल पाण्यात उड्या मारतात, ती पोहणाऱ्यांची जागा. अमाल्फीकडे सगळ्यात लांब किनारा मायोरीचा. रंगीत छत्र्यांच्या रांगा दिसल्या की समजायचं, खुर्ची-छत्रीचे पैसे पडणार. ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी असलेला तुकडा फुकट.

चालायची आवड आहे. कुठल्या वाटा?

चिंक्वे तेर्रेला लोक मुळात चालायलाच जातात. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट घ्यायला साधारण दोन तास लागतात. चढ दमवतो, पण शेवटी वरून दिसणारं वेर्नात्साचं बंदर हेच ते पोस्टकार्डावरचं दृश्य. माझी लाडकी वाट मात्र मानारोलाहून वर वोलास्त्राला जाऊन कोर्निल्याला उतरणारी. ती थेट द्राक्षमळ्यांतून जाते. कमरेएवढ्या बांधांवरून चालताना एक दातेरी लोखंडी रूळ उतारावरून खाली गेलेला दिसतो. काढणीच्या दिवसांत त्यावरून छोटं इंजिन द्राक्षांचे क्रेट ओढत वर येतं, कारण या उतारावर दुसरं कुठलंच वाहन येऊ शकत नाही. चुन्याशिवाय रचलेले हे दगडी बांध म्हणजे या डोंगराचा आधार. मळे सोडून लोक शहरांत गेले, बांध ढासळू लागले आणि दरडीही वाढल्या. म्हणून तिथे बांधावर चढून फोटो काढू नका.

रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध ‘प्रेमवाट’ २०१२ च्या दरडीनंतर बंद होती, ती २०२४ च्या उन्हाळ्यात पर्यटकांसाठी उघडली. वेळ ठरवून वेगळं तिकीट काढावं लागतं. वाट एक किलोमीटरहूनही कमी, सपाट. आणि हो, डोंगरवाटांवर चपला घालून आल्यास दंडाचा नियम आहे, बूट घाला.

अमाल्फीकडे ‘देवांची वाट’ पुरेशी आहे. आजेरोलाच्या बोमेरानोपासून नोचेल्लेपर्यंत, साधारण तीन तास. याच दिशेने चाला, म्हणजे उतार जास्त लागतो आणि काप्री बेट समोर राहतं. नोचेल्लेहून खाली दीड हजारांवर पायऱ्या आहेत. गुडघे शाबूत हवे असतील तर तिथून बस धरा. चालणाऱ्यांसाठी निकाल स्पष्ट आहे, चिंक्वे तेर्रे.

आम्ही शाकाहारी आहोत. हाल होतील का?

हाल होणार नाहीत, पण डोळे उघडे ठेवावे लागतील.

लिगुरिया हा पेस्तोचा प्रांत. तुळशीच्या कुळातली बॅसिलची पानं, पाइनच्या बिया, लसूण, ऑलिव्ह तेल आणि चीज यांची ती चटणी. बटाटा आणि फरसबी घालून केलेला त्रोफिये पास्ता तिच्याबरोबर मिळतो. फोकाच्चा पाव सगळीकडे. पण मराठी माणसाला खरा पावेल तो फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढंच. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजून तुकडे कापून देतात. बेसनाचं जाडसर धिरडं भट्टीतून आलं तर कसं लागेल, तसंच. वरून मिरपूड मागून घ्या.

कंपानियात पिझ्झा, टोमॅटो आणि मोझरेल्ला. वांग्याचे थर लावून केलेलं पार्मिजाना, सोर्रेंतोचे बटाट्याचे न्योक्की, झुकिनी घातलेलं नेरानोचं स्पगेटी, लिंबाचा पास्ता. अमाल्फीची लांबट, जाड सालीची लिंबं नुसती चकत्या करून खातात, आंबटपणा बेताचा असतो. पर्याय मोजले तर शाकाहाऱ्यांना अमाल्फी जास्त सोयीचं.

आता सावधगिरी. ‘मांस नको’ म्हटलं तर मासा येऊ शकतो, कारण तिकडे तो मांसात धरत नाहीत. ‘वेजेतारियानो’ म्हणा आणि मासा, विशेषतः आचुगे म्हणजे छोटे खारवलेले मासे, नकोत हे वेगळं सांगा. मोंतेरोस्सो त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि अमाल्फीकडच्या चेतारा गावात त्यांचा अर्क पास्त्यावर घालतात. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात आणि ते पेस्तोतही असतं. घरी हे पाळत असाल तर मारिनारा पिझ्झा मागवा. नाव समुद्री असलं तरी त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. लसूण न खाणाऱ्यांनी तेवढा वगळायला सांगावा.

स्वयंपाकघरं साधारण अडीचला बंद होतात ती सातनंतर उघडतात. मुलांसाठी चिवड्याची पुडी जवळ असू द्या.

खर्चाचं काय?

दोन्ही महाग, अमाल्फी जास्त. फरक मुख्यतः खोलीच्या भाड्यात आणि बोटींत पडतो. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो किंवा जास्त लागतात, ते टिप नव्हे आणि फसवणूकही नव्हे. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या भरून घ्या.

फ्लॉरेन्सहून किंवा रोमहून एका दिवसात करून येता येईल?

फ्लॉरेन्सहून चिंक्वे तेर्रे ओढाताणीत होतं. रोमहून अमाल्फी करू नका. टूर कंपन्या पाँपेईसकट एका दिवसात विकतात. त्यात बसची खिडकी बारा तास आणि पोझितानो दीड तास अशी वाटणी पडते.

दोन्ही एकाच सहलीत बसवावेत का?

तीन आठवडे असतील तर बसवा. नाहीतर दुसऱ्या किनाऱ्याचे दिवस पाँपेईला किंवा तोस्कानातल्या एखाद्या खेड्याला द्या.

व्हिसासाठी या निवडीने काही फरक पडतो का?

किनाऱ्याने नाही, देशाने पडतो. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या शेंगेन गटातल्या ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. स्वित्झर्लंडच्या रात्री इटलीपेक्षा जास्त असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावा लागतो, पण मेच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट लवकर संपतात. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. हॉटेल बुक करताना रद्द करता येणारं बुकिंग घ्या, आणि मुक्काम बदलायची शक्यता असेल तर तो अर्ज देण्याआधीच पक्का करा. कागदावर मानारोला आणि प्रत्यक्षात मायोरी असा घोळ झाला की अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागतं.

रेल्वेचं कागदी तिकीट काढलं, आता आणखी काही करायचं असतं का?

हो. लोकलचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होतो, आणि ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर ला स्पेत्सियाच्या तपासनिसांनी रोज ऐकलेलं असतं.